ज्वारीचा एक दाणा

उकंडराव पाटलांनी वजिराच्या शिंगाला तिसऱ्यांदा बेगड चिकटवली आणि तिसऱ्यांदा ती नखाने सोलून काढली. पोळ्याचा दिवस, उन्हं कलायला लागलेली, चावडीपुढच्या तोरणाखाली डफडं वाजू लागलेलं, आणि गावच्या मानाच्या बैलाचं एक शिंग सोनेरी तर दुसरं बोडकं! सालदार नानाजी गेरूची वाटी धरून बाजूला उभा होता. गेली पंचवीस वर्षं पाटलांचे बैल सजवायचं काम त्याचं. आजच मालकांना ही हुक्की कुठून आली, ते त्याला उमजेना.

"मालक, म्या लावून देऊ का?"

"काहून? मी लुळा दिसून राह्यलो का तुले?"

नानाजीने वाटी खाली ठेवली आणि तो उगाच दाव्याची गाठ तपासायला लागला.

पाटलांना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. न्याहारी अर्धी टाकून ते उठले, नदीवर जाऊन पाणी पाहून आले, परत आले आणि पुन्हा गेले. त्यांची बायको कस्तुराबाई पोळ्या लाटता लाटता म्हणालीही, "पायाले चाकं लावले का आज?" पाटलांनी बेगडीची पुडी उचलली आणि ते बाहेर पडले. तिला सांगायचं काय? ज्या गोष्टीने पायाला चाकं लागली होती, ती त्यांनी आपल्याच हातांनी दारात आणली होती.

उमरधडी हे गाव पैनगंगेच्या अगदी काठावर. नदीच्या अलीकडे वऱ्हाड. इथून इंग्रज जाऊन वर्ष उलटलं होतं. पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. तिथे अजून एकाच माणसाचा शब्द चालायचा आणि तो मोडणाऱ्यांची घरं त्याचे रझाकार जाळायचे. पण लोकही आता ऐकेनासे झाले होते. गावंच्या गावं उठत होती. जकातीचे नाके पेटत होते, सरकारी शिंदीची झाडं आडवी होत होती, लेव्हीचं धान्य कोणी घालीत नव्हतं. ज्यांच्या नावाने वॉरंट निघे, ते नदी ओलांडून अलीकडे येत. अशी तीसेक माणसं तीन महिन्यांपासून पाटलांच्या गोठ्यात मुक्कामाला होती. पाटलांनी त्यांना जागा दिली, ज्वारीची पोती दिली, पावसाची घोंगडी दिली. दिलदार माणूस, त्यात तिळमात्र खोट नव्हती. अनसिंगच्या बाजारात लोक त्यांना हाका मारमारून पान खायला बोलावत, आणि पाटील मिशीवर हात फिरवत सांगत, "एका मानसाच्या मर्जीवर लाखो लोकायनं काहून जगावं? राजा असला म्हनून काय झालं!"

हे बोलताना त्यांचा आवाज चढे. निजामाची त्यांना खरोखरच चीड होती.

गोठ्यातल्या मंडळींचा म्होरक्या रामकिसन नावाचा शाळामास्तर होता. पण तो स्वतःला म्होरक्या म्हणवून घेत नसे, आणि घोळ इथेच होता. रोज संध्याकाळी तीसही जण गोल बसायचे आणि हात वर करून ठरवायचे. उद्या नदीपार कोण जाणार, पहारा कोणाचा, इतकंच काय, पिठलं करायचं की वरण. पाटलांना आधी हसूच आलं. पिठल्यासाठी हात! पण हसता हसता ती खोड गावाला लागली. नदीवर कोणी कोणत्या दगडावर धुवायचं, ते बाया हात वर करून ठरवू लागल्या. भजनी मंडळाने मृदंग कोणाकडे राहावा यावर हात वर केले, आणि ज्याच्या घरी तो बारा वर्षं होता, त्याच्या घरून उचलून आणला. परवा तर पाटलांच्या वावरात, पाटलांच्याच सालदारांनी, कोणत्या झाडाखाली जेवायला बसायचं यावर हात वर केले. बांधावरून पाटलांनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेनासा झाला.

आणि आज पोळा होता.

पोळ्याला तोरणाखालून पहिले बैल जायचे ते पाटलांचे. त्यांच्या बापाचे, आज्याचेही तसेच गेले. यावर हात वर करावा असं कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. विपरीत घडलं ते एकदाच. सहा वर्षांपूर्वी जगदेव नावाच्या एका लहान शेतकऱ्याचा बैल, भिंगऱ्या, डफड्याला बुजून दावं तोडून सुटला आणि पाटलांच्या जोडीआधीच तोरणाखालून निघून गेला. मुका जीव तो, त्याला मानपान काय कळणार! पण पाटलांच्या ते जिव्हारी लागलं. पिकात शिरल्याचं निमित्त काढून त्यांनी भिंगऱ्याला कोंडवाड्यात घातलं आणि ऐन रब्बीच्या पेरणीत महिनाभर सोडू दिलं नाही. बैल सुटला तो नुसती हाडं घेऊन सुटला, आणि दिवाळीआधीच मेला. तेव्हापासून जगदेव एका बैलाचा धनी होता. उरलेल्या चांद्याला तो दुसऱ्याच्या बैलाशी जोडून कसंबसं वावर करायचा, आणि पोळ्याला एकटा चांद्या घेऊन रांगेच्या अगदी शेवटी उभा राहायचा. सहा वर्षांत त्याने पाटलांना त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. विचारला असता तर बरं झालं असतं, असं पाटलांना कधीकधी वाटे. मग ते दुसरंच काहीतरी बोलायला लागत.

बेगड शेवटी नानाजीनेच लावली.

तोरणाखाली सारं गाव जमलं होतं. दोन खांबांना आंब्याच्या पानांची दोरी ताणलेली, बैलांच्या अंगावर झुली, बाया चावडीच्या ओट्यावर. गोठ्यातले पाहुणेही एका बाजूला येऊन उभे होते. वजीर आणि मोहऱ्याची जोडी सगळ्यांच्या पुढे आली. पूजा झाली, डफडं थांबलं. पाटील नानाजीला 'हाक' म्हणणार, तोच ओट्यावरून आवाज आला.

"थांब रे नानाजी!"

ती रंगूबाई होती, जगदेवची आई. सत्तरीची, कमरेतून वाकलेली, पण जिभेचा कणा ताठ. पाटलांना अरेतुरे करणारी गावात आता ती एकटीच उरली होती, आणि तिचा तो हक्कच होता. पाटलांच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली. पाचवं तरी जगावं म्हणून त्यांच्या आईने रिवाजाप्रमाणे त्यांना उकिरड्यावर ठेवलं. तिथून ते पोर उचललं शेजारच्या घरात नुकत्याच सून म्हणून आलेल्या बारा वर्षांच्या रंगूने, आणि आईने पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून ते विकत घेतलं. नाव ठेवलं उकंडा, म्हणजे उकिरडा. पुढे त्याचा उकंडराव झाला, उकंडराव पाटील झाला, पण रंगूबाईच्या लेखी तो पसाभर ज्वारीचाच राहिला.

"काय झालं, रंगूबाई?"

"मले काय होते, उकंडू! म्या म्हनते, या मास्तराच्या गोठ्यात पिठल्यालेही हात वर करते. मंग आज पह्यला बैल कोनाचा जाईन, यालेच काहून नाई? माह्या जगदेवचा चांद्या एक डाव पह्यला जाऊ द्या. भिंगऱ्याच्या नावानं."

रांगेच्या शेवटून जगदेव दबक्या आवाजात म्हणाला, "माय, बस ना वं खाली." पाटलांची कानशिलं तापली. एरवी त्यांनी हे बोलणं हसण्यावारी नेलं असतं. पण तीस पाहुणे बघत होते, आणि याच पाहुण्यांपुढे लाखो लोकांच्या मर्जीची भाषणं त्यांनी ठोकली होती. आता नाही म्हणायचं ते कुठल्या तोंडाने?

"होऊ द्या," पाटील म्हणाले. "मास्तर, मोजा हात."

रामकिसन पुढे आला. "आम्ही पाहुणे. आमचे हात यात नाहीत. गावातल्या सगळ्यांचे मोजू, बायांचेसुद्धा." मग त्याने विचारलं, "पाटलांचे बैल आधी जावेत, असं कोणाला वाटतं?"

हात उठले. भराभर नाही, पण एकामागून एक उठले. कोपरातून वाकलेले, बरगड्यांना चिकटलेले हात. ज्यांनी ते वर केले त्यांतलं कोणीही पाटलांकडे पाहत नव्हतं. नानाजीने दावं डाव्या हातात घेऊन उजवा वर केला. कस्तुराबाईने केला. जगदेवचाही हात वर होता.

"जगदेवचा बैल आधी?"

रंगूबाईचा हात बांगड्या वाजवत वर गेला. दुसरा कोणाचा तरी अर्ध्यापर्यंत आला आणि डोकं खाजवून परत गेला.

पाटलांचा जीव भांड्यात पडला. "झालं ना मनाजोगतं? हाक रे नान्या."

रामकिसन मात्र बाजूला झाला नाही. तो जवळ आला आणि फक्त पाटलांनाच ऐकू जाईल असं बोलला.

"पाटील, असे हात मी लई पाहिलेत. आमच्याकडं निजामाची सवारी निघाली की असेच हजारो हात सलामाला उठत्यात."

पाटलांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मले त्याच्या पंक्तीले बसवतं का, मास्तर? माह्याच गोठ्यात राहून?"

"बसवत नाही. इचारायलो."

याच्या जागी दुसरा कोणी असता तर पाटलांनी त्याला गावाबाहेर काढला असता. पण ते भित्रे नव्हते, आणि गाव आपल्यावर जीव टाकतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका नव्हती म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "मंग कसं मोजा लागते ते सांग! तसं मोजू. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे!"

चावडीच्या आतल्या खोलीत अरुंद तोंडाचं एक मडकं ठेवलं गेलं. प्रत्येकाच्या हातावर दोन दाणे दिले, एक ज्वारीचा आणि एक तुरीचा. मास्तरने रीत समजावून सांगितली. एकेकाने आत जायचं, दार लावून घ्यायचं. पाटलांचे बैल आधी हवे असतील तर ज्वारी मडक्यात टाकायची, जगदेवचा हवा असेल तर तूर. उरलेला दाणा मागच्या खिडकीतून फेकून रिकाम्या हाताने बाहेर यायचं. कोणी काय टाकलं ते कोणाला दिसणार नाही, आणि नंतर कोणी कोणाला विचारायचंही नाही.

काम एवढंसं, पण आत गेलेला माणूस लवकर बाहेर येईना. जो तो आत रेंगाळायचा. बैल पाय आपटायला लागले, झुली सरकल्या. खिडकीमागे गावभरच्या कोंबड्या जमल्या आणि त्यांचा पोळा सगळ्यांच्या आधी साजरा झाला. पाटील तोरणापासून चावडीपर्यंत आणि चावडीपासून तोरणापर्यंत येरझाऱ्या घालत होते. आत जाणाऱ्याचं तोंड पाहायचे, मग बाहेर येणाऱ्याचं. कोणाच्या पोटात काय आहे ते आपल्याला तोंडावरून कळतं, असा त्यांचा लौकिक होता. आज एकाही तोंडावरून काही कळेना. कस्तुराबाई आत गेली आणि पदर सावरत बाहेर आली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिचा चेहरा त्यांना असा परका कधी वाटला नव्हता.

"मालक, आता तुमीच राह्यले," नानाजी म्हणाला.

"मी? मी कायले?"

"समद्यायनं टाका म्हनलं ना मास्तरानं."

पाटील आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. खोलीत जुन्या कागदांचा आणि उंदरांचा वास होता. याच खोलीत बसून त्यांनी भिंगऱ्याला कोंडवाड्यात घालायच्या कागदावर सही केली होती. दोन दाणे तळहातावर घेऊन ते उभे राहिले. बाहेर कुठलासा बैल हंबरला. आपल्याला या घडीला कोणी पाहत नाही, ही गोष्टच त्यांना इतकी नवी होती की त्यांनी दाराची कडी पुन्हा चाचपून पाहिली. सारा जन्म लोकांच्या नजरेत गेला होता. मिशी, चाल, आवाज, राग, सगळं गावाला दिसेल असं धरून ठेवावं लागायचं. इथे ते कोणासाठी धरायचं? बराच वेळ गेला. मग मडक्यात दाणा पडल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि पाटील बाहेर आले ते उजवी मूठ आवळूनच.

घोंगडीवर मडकं उलटं केलं. मास्तर, नानाजी आणि रंगूबाई दाणे वेगळे करायला बसले. वेगळं करण्यासारखं फारसं नव्हतंच. एकशे सतरा तुरी निघाल्या. आणि ज्वारीचा एक दाणा.

लोक चकित होऊन एकमेकांकडे पाहत राहिले. जो तो समजत होता की तूर टाकणारे आपण एकटेच. जगदेवचा भिंगऱ्या सहा वर्षं साऱ्या गावाच्या मनात हंबरत होता आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मग सगळ्यांच्या नजरा त्या एकुलत्या एका ज्वारीच्या दाण्यावर गेल्या आणि तिथून पाटलांवर आल्या. कोणाच्या डोळ्यांत कीव होती, कोणाला हसू आवरत नव्हतं. बिचाऱ्या पाटलांना स्वतःच्या दाण्याशिवाय दुसरा मिळाला नाही!

पाटलांना ते हसू दिसलं, कीवही दिसली. मग नानाजीच्या हातातून दावं घेऊन त्यांनी स्वतः वजीर-मोहऱ्याची जोडी बाजूला ओढली.

"आना चांद्याले," ते म्हणाले.

जगदेव रांगेच्या शेवटून चांद्याला घेऊन आला. चांद्याच्या अंगावर झूल नव्हती, रंगूबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. अगदी तोरणाखाली आल्यावर जगदेव थबकला आणि वळून पाटलांकडे पाहू लागला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात डफडं वाजायला लागलं, चांद्या पुढे झाला आणि पोळा फुटला.

त्यानंतर पंधराच दिवसांत दिल्लीची फौज मोगलाईत शिरली आणि चार-पाच दिवसांत निजामाने हात टेकले. वाशिमहून सायकलवर आलेल्या एकाने बातमी सांगितली. गोठ्यातले तीस जण एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. गावाने गुलाल उधळला. बांधाबांध झाली, निघायची वेळ आली, आणि रामकिसन निरोप घ्यायला पाटलांच्या अंगणात आला, तेव्हा पाटील एकटेच तुळशीभोवती फेऱ्या मारत होते.

"येतो, पाटील. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"आता राज्य कोन करन तिकडं?"

"लोक. आता आमच्याकडंबी मडकी ठेवावी लागतील गावोगाव." रामकिसन हसला. मग त्याला राहवलं नाही. "पोळ्याचं मनावर घेऊ नका. तो एकच दाणा निघाला, तुमाला लागलं असंल. पण स्वतःचा दाणा स्वतःला टाकला तर त्यात वावगं काय?"

पाटील थांबले. खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला एक गाठ होती. ती त्यांनी दाताने सोडली आणि आतली वस्तू मास्तरच्या तळहातावर ठेवली. ज्वारीचा एक दाणा.

रामकिसन त्या दाण्याकडे पाहतच राहिला. "म्हंजे तुमी आत तूर टाकली?"

"भिंगऱ्या काय एकट्या गावाच्याच कानात हंबरत होता?"

"मग मडक्यातली ती ज्वारी कोनाची?"

"तेच तं, मास्तर!" पाटलांनी दाणा परत घेतला आणि मुठीत धरला. "पंधरा दिस झाले, जिवाले चैन नाई. नान्याची म्हनावं तं त्याले पंचवीस वर्सं शिव्याच देल्ल्या. घरात पाह्यतो तं कस्तुरा गुपचूप भाकरी वाढते. कवा वाटते रंगूबाईची असन, तिनंच तं उचललं मले. कवा वाटते जगदेवची. तोरनाखाली थांबून पाह्यलं ना त्यानं माह्याकडं! आजवर माह्यासाठी कितीक हात उठले, मले त्यातला एकही खरा होता का, माहीत नाई. पन आत कोनी पाह्यत नव्हतं. ज्यानं टाकली त्यानं भेवानं नाई टाकली."

"इचारून बघा की. सांगतील."

"नोको!" पाटील एकदम म्हणाले. "विचाराचं नाई, असं ठरलं हाय."

मास्तर गेला. नदीकडून मंडळींच्या घोषणा बराच वेळ ऐकू येत होत्या, मग त्याही पलीकडच्या काठाला गेल्या. पाटलांनी दाणा पुन्हा उपरण्यात बांधला, वहाणा पायात घातल्या आणि ते गावात निघाले. या वाटेने ते निघाले की लोक उठून उभे राहत, राम राम घालत, आणि पाटील जरा मान हलवून पुढे जात. ते मान हलवणंही सगळ्यांच्या वाट्याला येत नसे.

पहिल्याच वळणावर सोजरबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन समोरून आली. पाटलांना पाहून ती भिंतीला लागली. पाटील तिच्यापाशी थांबले.

"राम राम, सोजरबाई."

सोजरबाईच्या डोक्यावरची पाटी कलली. पाटलांनी ती हाताने सावरली आणि पुढे गेले. पुढच्या ओट्यावर चौघे जण चिलीम ओढत बसले होते. ते उठायच्या आत पाटलांनी चौघांनाही, एकेकाच्या तोंडाकडे पाहून, एकेकाचं नाव घेऊन, वेगवेगळा राम राम घातला. एकालाही वगळून चालणार नव्हतं.